घरात शिकण्यासारखं काय असतं?

"भाकरी थापायला पण डिग्री लागते का गं?"

हे वाक्य माझं आहे. तीन वर्षांपूर्वी नाताळच्या जेवणाला आमच्या घरी सगळे जमले होते. माझ्या मावसबहिणीने बारावी सायन्सनंतर गृहविज्ञानाला प्रवेश घेतला होता. ती माझ्याहून सहाच महिन्यांनी मोठी, पण घरात सगळ्यांची ताई. मी नुकताच साहित्याला आलो होतो आणि आपण काहीतरी फार खोल शिकणार आहोत अशा हवेत होतो. माझ्या वाक्यावर सगळे हसले. ताईसुद्धा हसली, पण थोडीच.

हा लेख म्हणजे त्या वाक्याला तीन वर्षं उशिरा दिलेलं उत्तर आहे.

तुम्ही विचाराल, वाङ्मय मंडळाच्या अंकात गृहविज्ञान कशाला? कारण सांगतो. या वर्षी आपण आत्मचरित्र हा प्रकार अभ्यासतोय आणि त्यात घरं भरपूर आहेत: स्वयंपाकघरं, विहिरी, आजारी माणसं, उसनवाऱ्या. हे सगळं आपण 'पार्श्वभूमी' म्हणून वाचतो आणि पुढे सरकतो. ताईच्या विषयाने मला तिथे थांबायला शिकवलं. कसं, ते क्रमाने पाहू.

१. एकाच शब्दातून निघालेले दोन विषय

'इकॉनॉमिक्स' आणि 'इकॉलॉजी' हे दोन्ही शब्द 'ओइकोस' या एकाच ग्रीक शब्दातून आले आहेत. ओइकोस म्हणजे घर. एका विषयाने घराचा कारभार घेतला आणि दुसऱ्याने सजीवांचं घर, म्हणजे परिसर. गंमत अशी की पुढे दोन्ही विषय इतके मोठे झाले की ज्याला आपण रोज घर म्हणतो, ते दोघांच्याही नजरेतून सुटलं.

ही सुटलेली जागा ज्यांनी भरायला घेतली त्यात पहिलं नाव एलन स्वॉलो रिचर्ड्स यांचं (१८४२–१९११). अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत प्रवेश मिळालेल्या त्या पहिल्या स्त्री. १८७३ मध्ये त्यांनी तिथून रसायनशास्त्राची पदवी घेतली. पुढे डॉक्टरेट मात्र त्यांना मिळाली नाही. मग त्यांनी आपलं रसायनशास्त्र घरातल्या गोष्टींकडे वळवलं: पिण्याचं पाणी, अन्नातली भेसळ, घरातली हवा. मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या पाण्याचे हजारो नमुने त्यांनी तपासले. माणूस आणि त्याचं राहतं वातावरण यांच्या अभ्यासासाठी त्यांनी १८९२ मध्ये 'इकॉलॉजी' हाच शब्द सुचवला होता. पण तो शब्द जीवशास्त्राकडे गेला आणि तिथेच राहिला.

१८९९ पासून दहा वर्षं, मुख्यतः न्यूयॉर्क राज्यातल्या लेक प्लॅसिड या गावी, या विषयाच्या मंडळींच्या परिषदा भरत. त्यातून १९०९ मध्ये अमेरिकन होम इकॉनॉमिक्स असोसिएशन ही संस्था निघाली. रिचर्ड्स तिच्या पहिल्या अध्यक्ष. म्हणजे विषयाचं नाव ठरलं 'होम इकॉनॉमिक्स'. पुढे हे नाव बदलत गेलं. कॉर्नेल विद्यापीठाने १९६९ मध्ये आपल्या कॉलेजचं नाव 'ह्यूमन इकॉलॉजी' केलं, आणि १९९४ मध्ये त्या मूळ संस्थेनेही 'फॅमिली अँड कन्झ्युमर सायन्सेस' हे नाव घेतलं. आपल्याकडे गृहशास्त्र, गृहविज्ञान, होम सायन्स अशी नावं चालतात.

नावं इतकी का बदलावी लागली? कारण 'होम' हा शब्द ऐकला की लोक माझ्यासारखं हसायचे.

हसण्यामागे थोडं कारणही होतं, हे ताईच मान्य करते. बऱ्याच ठिकाणी हा विषय 'मुलींचा' म्हणून चालवला गेला. लग्नाच्या बाजारात उपयोगी पडेल अशी पदवी म्हणून पालकांनी तो निवडला. ही टीका खरी आहे. पण दुसरी बाजूही खरी आहे. ज्या काळात विज्ञान शिकलेल्या बायकांना रसायनशास्त्राच्या विभागात नोकरी मिळत नव्हती, त्या काळात या विषयाने त्यांना प्रयोगशाळा दिली. बर्कलीच्या ॲग्नेस फे मॉर्गन या रसायनशास्त्रात डॉक्टरेट घेतलेल्या बाईंनी आपलं पोषणविषयक संशोधन होम इकॉनॉमिक्सच्याच विभागातून उभं केलं. म्हणजे एकच दार काहींसाठी स्वयंपाकघरात जाण्याचं होतं आणि काहींसाठी तिथून बाहेर पडण्याचं.

२. आपल्या बडोद्याचा धागा

हे सगळं लांबचं वाटत असेल तर आता घरी येऊ. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात १९५० मध्ये गृहविज्ञानाची फॅकल्टी सुरू झाली. त्या वेळी कुलगुरू होत्या हंसा मेहता. संविधान सभेच्या सदस्य, आणि संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क आयोगावर भारताच्या प्रतिनिधी. मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातल्या पहिल्या कलमात 'सर्व पुरुष' असा अर्थ निघू शकणारा शब्द होता, तो बदलून 'सर्व मानव' असा शब्द येण्यात त्यांचा मोठा वाटा आहे. एका शब्दात अर्धी माणसं गळतात हे ज्या बाईंना दिसलं, त्यांच्याच कारकिर्दीत आपल्या गावात घराच्या अभ्यासाची फॅकल्टी निघाली. मला हे दोन्ही एकाच नजरेचं काम वाटतं.

आज तिचं नाव फॅमिली अँड कम्युनिटी सायन्सेस असं आहे. तिथले विभाग पाहा: अन्न आणि पोषण, मानवी विकास आणि कुटुंबाचा अभ्यास, वस्त्र आणि परिधान, कुटुंब आणि समाजाच्या साधनांचं व्यवस्थापन, विस्तार आणि संवाद. यातल्या प्रत्येकामागे एक साधा प्रश्न आहे. घरातलं माणूस काय खातं? लहानाचं मोठं कसं होतं? काय नेसतं, आणि ते कापड कुठून येतं? वेळ, पैसा, पाणी, इंधन यांची वाटणी कोण आणि कशी करतं? आणि एका घरात कळलेलं शंभर घरांपर्यंत कसं पोचवायचं?

महाराष्ट्रातही ही परंपरा जुनी आहे. महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी १९१६ मध्ये स्त्रियांसाठी विद्यापीठ काढलं, तेव्हा जपानमधल्या महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका त्यांच्या डोळ्यांसमोर होती. आजच्या एसएनडीटीमध्येही गृहविज्ञानाचं कॉलेज आहे. मुंबईत निर्मला निकेतन या नावाने सिस्टर्स गृहविज्ञानाचं कॉलेज चालवतात, हे आपल्यापैकी कॅथलिक मुलामुलींना ऐकून माहीत असेलच.

३. 'तिसरा माणूस' ही कसोटी

आता मुद्द्याचं. घरात चालतं त्यातलं काम कुठलं आणि काम नसलेलं कुठलं? आई पोळ्या लाटते ते काम आहे का? ती पोळी खाते ते? ती आजीजवळ बसून गप्पा मारते ते?

या प्रश्नाचं एक नीट उत्तर मार्गारेट रीड या अभ्यासक बाईंनी १९३४ मध्ये घरगुती उत्पादनावरच्या आपल्या पुस्तकात दिलं. त्यांची कसोटी अशी: ती गोष्ट आपल्याऐवजी एखाद्या तिसऱ्या माणसाला पैसे देऊन करून घेता येईल का? येत असेल तर ते काम.

करून पाहू. पोळ्या लाटायला बाई ठेवता येते, म्हणून ते काम. पोळी खाणं दुसऱ्याला सांगता येत नाही, म्हणून ते काम नाही. कपडे धुणं, केर काढणं, मुलांचा अभ्यास घेणं, आजारी माणसाला आंघोळ घालणं, ही सगळी कामं. झोपणं, सिनेमा पाहणं, प्रार्थना करणं ही कामं नाहीत.

कसोटी सोपी आहे, पण तिने काय उघडं पडतं ते बघा. अर्थशास्त्रज्ञ पिगू यांनी १९२० मध्येच एक विचित्र गोष्ट दाखवली होती: एखाद्याने आपल्या घरी पगारावर काम करणाऱ्या बाईशी लग्न केलं, तर देशाचं राष्ट्रीय उत्पन्न घटतं. घर तेच, हात तेच, पोळ्या त्याच. फक्त पगार बंद झाला, म्हणून हिशेबाच्या वहीतून ते काम पुसलं गेलं. आजही घरातल्यांनी घरातल्यांसाठी बिनपगारी केलेला स्वयंपाक किंवा सेवा देशाच्या जीडीपीत धरली जात नाही.

रीड यांच्या कसोटीला मर्यादा आहेत. आजीजवळ बसून गप्पा मारायला पैसे देऊन माणूस ठेवता येईल, पण ते आजीला चालेल का? काही कामांत कोण करतंय यालाच अर्थ असतो. हा प्रश्न मी ताईला विचारला. ती म्हणाली, "बरोबर आहे. पण आधी जे मोजता येतं ते तरी मोज. न मोजता येणाऱ्याचं कौतुक करून मोजण्यातून सुटका करून घेऊ नकोस." मला ते लागलं, कारण 'आईच्या मायेचं मोल होत नाही' या छापाचा निबंध मी शाळेत लिहून बक्षीस घेतलेलं आहे.

४. आमच्या घरातला एक गुरुवार

गेल्या ऑगस्टमध्ये ताईला सबमिशनसाठी काही घरांच्या वेळेच्या डायऱ्या हव्या होत्या. पद्धत अशी: पहाटे चार ते दुसऱ्या दिवशी पहाटे चार, अर्ध्या अर्ध्या तासाचे अठ्ठेचाळीस चौकोन. प्रत्येक चौकोनात मुख्य काय चाललं होतं आणि सोबत आणखी काय, हे लिहायचं. भारत सरकारच्या वेळ-वापर पाहणीतही दिवस असाच पहाटे चारपासून धरतात. ताईने एक कोरा कागद माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "मावशीचा दिवस तू लिही. भाकरी थापायला डिग्री लागत नाही ना, मग डायरी भरायला पण लागू नये." म्हणजे ती विसरली नव्हती.

मी आधी आईलाच विचारलं, "आज काय काय केलंस?" आई म्हणाली, "काय करणार? घरीच तर होते." ही पहिली अडचण. ताई म्हणाली, असं विचारून उत्तर मिळत नाही. चौकोन पुढे ठेवून एकेक अर्धा तास विचार, नाहीतर बसून बघ.

मग मी एक गुरुवार सुट्टीचा होता तो घरी बसून पाहिला. आई पाच वाजता उठली, कारण पाणी तेव्हा येतं. पाणी भरणं, चहा, डबे. आजीची आंघोळ, औषधं, न्याहारी. भांडी, कपडे, केर. बाजार. दुपारचा स्वयंपाक. मग शिलाई. आई घरी ब्लाउज शिवते, साडीला फॉल-पिको करून देते. संध्याकाळी परत चहा, परत स्वयंपाक, परत भांडी. 'सोबत काय' हा रकाना तर माझ्या आधी लक्षातच आला नव्हता. टीव्ही बघताना ती वालाच्या शेंगा सोलत होती. मावशीशी फोनवर बोलताना कपड्यांच्या घड्या करत होती. संध्याकाळच्या रोझरीत कुकरची तिसरी शिट्टी झाली तेव्हा ती मधेच उठून गॅस बंद करून आली आणि परत गुडघ्यावर बसली. आम्ही बाकीच्यांनी डोळे उघडले नव्हते.

बेरीज अशी झाली. घरकाम पंधरा चौकोन. आजीचं करणं तीन चौकोन. शिलाई सहा चौकोन. एकूण चोवीस, म्हणजे अठ्ठेचाळिसातले बरोबर अर्धे. बारा तास.

त्याच कागदाच्या मागे मी माझाही दिवस लिहिला. घरकामाचा एक चौकोन निघाला: गॅसचा रिकामा सिलिंडर दारापर्यंत नेला. त्यालाही अर्धा तास लागला नव्हता, पण चौकोन अर्ध्या तासाचा असल्यामुळे मला तेवढा फायदा मिळाला.

५. मोजल्याने काय होतं?

आईने कागद पाहिला आणि विचारलं, "हे लिहून काय होणार?" प्रश्न रास्त आहे. दोन उत्तरं देतो, एक देशाचं आणि एक घरचं.

देशाचं असं. २०१९ मध्ये राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने देशभर वेळ-वापर पाहणी केली. त्यात ज्या बायका बिनपगारी घरकाम करतात त्यांचा त्यात जाणारा सरासरी वेळ दिवसाला २९९ मिनिटं निघाला. घरकाम करणाऱ्या पुरुषांचा ९७ मिनिटं. शिवाय मुळात दिवसभरात थोडंफार घरकाम करणाऱ्या पुरुषांचं प्रमाण होतं २६ टक्के, बायकांचं ८१. हे आकडे कागदावरच राहिले नाहीत. जानेवारी २०२१ मध्ये रस्ता अपघातातल्या नुकसानभरपाईच्या एका खटल्यात, घर सांभाळणाऱ्या मृत स्त्रीचं उत्पन्न किती धरायचं हा प्रश्न होता. सर्वोच्च न्यायालयाने तिच्या कामाला किंमत धरली पाहिजे असं सांगताना याच पाहणीतल्या मिनिटांचा आधार घेतला. म्हणजे कुणीतरी कुठल्यातरी घरात बसून भरलेले ते चौकोन न्यायाधीशांच्या टेबलापर्यंत गेले.

घरचं उत्तर लहान आहे. आईने शिलाईच्या सहा चौकोनांकडे बराच वेळ पाहिलं. मग तिने त्या दिवशी मिळालेल्या पैशांना तासांनी भागलं. ताशी जो आकडा निघाला तो मी इथे लिहीत नाही; तिने तो खोडून टाकला होता. पुढच्या आठवड्यात तिने ब्लाउजच्या शिलाईत पन्नास रुपये वाढवले. एक गिऱ्हाईक गेलं, बाकीची राहिली. इतकी वर्षं दर का वाढवला नाहीस विचारलं तर म्हणाली, "घरात बसूनच तर करते, म्हणून मागायला जीव होत नव्हता."

'घरीच तर होते' आणि 'घरात बसूनच तर करते'. ही दोन्ही वाक्यं एकच आहेत, आणि दोन्हींत 'तर' आहे. भाषेच्या विद्यार्थ्याने या 'तर'वर पेपर लिहायला हरकत नाही.

६. मग पुस्तक कसं वाचायचं?

आता आपल्या अभ्यासाकडे. लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' आपण वर्गात वाचलं तेव्हा मी नोट्समध्ये काय लिहिलं होतं ते काढून पाहिलं: विनोद, प्रांजळपणा, धर्मांतराचा संघर्ष. चूक काही नाही. पण गृहविज्ञानाचे प्रश्न घेऊन परत वाचलं तर तेच पुस्तक आणखी एक गोष्ट सांगतं. वडिलांच्या सोवळ्याच्या अतिरेकाने घरातल्या बायकांवर किती काम पडलं असेल? ना. वा. टिळकांच्या हाती आलेला पैसा टिकत नसे, आणि घरात माणसांची ये-जा मात्र कायम; मग चूल रोज पेटत होती ती कुणाच्या व्यवस्थापनावर? टिळकांचं औदार्य आपण थोरपण म्हणून वाचतो. त्या औदार्याचं रोजचं बिल कोण भरत होतं, हा प्रश्न लक्ष्मीबाईंनी हसत हसत जागोजागी ठेवलेला आहे. आपण हसलो आणि पान उलटलं.

लूकच्या शुभवर्तमानातल्या मार्था आणि मरियेची गोष्ट मी लहानपणापासून ऐकतोय. मरिया प्रभूच्या पायाशी बसते, मार्था कामात असते आणि तक्रार करते. उपदेश मला पाठ आहे, आणि तो मी नाकारत नाही. पण त्या गुरुवारनंतर मिस्सात हे वाचन आलं तेव्हा पहिल्यांदाच माझ्या लक्षात आलं की मार्थेची तक्रार म्हणजे रीड बाईंचीच कसोटी आहे. हे काम दुसऱ्यालाही करता येतं, मग माझ्या एकटीवर का?

करून पाहा

मंडळाच्या पुढच्या बैठकीसाठी तीन गोष्टी सुचवतो.

पहिली: आपल्या घरातल्या एका माणसाचा एक दिवस अठ्ठेचाळीस चौकोनांत लिहा. 'सोबत काय' हा रकाना सोडू नका. आणि कागदाच्या मागे स्वतःचाही दिवस लिहा.

दुसरी: अभ्यासाला असलेल्या कुठल्याही आत्मचरित्रातलं किंवा कथेतलं एक प्रकरण घ्या. त्यात जेवण आलं असेल तर ते कुणी शिजवलं, पाणी कुठून आलं, पैसे कुणी दिले, आणि लेखकाने यातलं काय सांगितलंच नाही, ते लिहून काढा.

तिसरी: खाण्याच्या कुठल्याही पाकिटावरची घटकांची यादी वाचा. नियमाप्रमाणे जो घटक वजनाने सगळ्यात जास्त तो आधी लिहिलेला असतो. पाकिटावर समोर मोठ्या अक्षरांत जे लिहिलंय ते मागच्या यादीत कितव्या नंबरावर आहे? हेसुद्धा वाचनच आहे, आणि गृहविज्ञानाच्या ग्राहकशिक्षणाचा पहिला धडा.

ताईचं शेवटचं वर्ष आहे. तिच्या सबमिशनला मार्क किती मिळाले ते तिने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. आमच्या घरात मात्र आजीची संध्याकाळची औषधं आणि रात्रीची भांडी आता माझ्याकडे आहेत. भांडी मी नीट घासत नाही असं आईचं म्हणणं आहे, आणि ते खरं आहे. येत्या नाताळला ताई जेवायला येईल तेव्हा भाकरी मी थापणार आहे. दोन रविवार सराव केला. अजून कडा फाटतात. पीठ किती मळायचं, पाणी किती गरम हवं, तवा कधी तापला असं समजायचं, हे सगळं मला आजीला विचारावं लागतंय.

डिग्री लागते की नाही माहीत नाही. शिकावं मात्र लागतं.